फायबरचा डोंगा फुटला? इपॉक्सीने घरीच असा दुरुस्त करा

फायबरचे डोंगे, म्हणजे मासेमारीच्या लहान होड्या, बहुतेक उन्हाळ्यातच फुटतात. होळी झाली की बोड्यांचं, म्हणजे लहान तलावांचं, पाणी उतरायला लागतं आणि एरवी बुडापासून हातभर खाली असलेली खुंटं, दगड वर येतात. जाळं ओढताना सगळं वजन एका बाजूला आलं की नेमकं तेव्हाच खालून ‘खट्ट’ होतं. दुसरं कारण याहून साधं आहे. डोंगा तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, ओढत नेला की बुडाचा एकच भाग दरवेळी मुरमावर घासतो आणि एक दिवस तिथूनच पाणी पाझरायला लागतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी तलाव असोत की इटियाडोह, गोसेखुर्दसारखं मोठं पाणी, लाकडी डोंग्यांच्या जोडीला आता फायबरचे डोंगेही दिसतात. लाकडाचा फुटला तर गावातला वाढई पाहून घेतो. फायबरला तो हात लावत नाही, मग एम-सील, डांबर, सिमेंट असे उपाय सुरू होतात. यातलं एम-सील वाईट नाही, तेही इपॉक्सीच आहे, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळले की कडक होणारा चिकट पदार्थ. पण एम-सीलमध्ये धागा नसतो. पाण्यावर माणसांच्या वजनाने डोंग्याचं बूड सतत थोडं लवत असतं, त्याच्यासोबत गोळा लवत नाही आणि कडेने सुटतो. फायबरची ताकद काचेच्या धाग्यात असते आणि फुटलेल्या जागी तोच तुटलेला असतो. म्हणून नवा धागा अंथरायचा आणि तो भोवतालच्या शाबूत भागाला पक्का चिकटवायचा. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

फुटलंय किती, ते आधी पाहा

डोंगा घरी आणा, पालथा घाला, शेवाळ आणि गाळ घासून धुवा. दिसणाऱ्या भोकावर विश्वास ठेवू नका. दहा रुपयांचं नाणं घेऊन भोकाच्या भोवताली टकटक करत जा. शाबूत जागी आवाज टणक येतो. जिथे आतले थर एकमेकांपासून सुटलेत तिथे तो बद्द येतो. बद्द आवाजाची हद्द मार्करने आखून घ्या. भोक दोन बोटांचं असलं तरी ही हद्द तळहाताएवढी निघू शकते. तेवढा सगळा भाग काढायचा आहे. वरच्या रंगीत थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील, पण नाणं टणक वाजत असेल, तर तिथे फक्त वरचा थर तडकलाय. त्याला लांबी (पुट्टी) आणि रंग पुरतो.

आता वाळवणं. पाणी फुटलेल्या कडेतून थरांच्या आत शिरलेलं असतं, आणि ओल्या फायबरला काहीही चिकटत नाही. उन्हाळ्यात डोंगा पालथा ठेवून भरपूर ऊन द्या. वाळला का, हे पाहायला भोकाजवळ पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर उन्हात राहू द्या. आतून थेंब जमले तर अजून ओल आहे. हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक दुरुस्त्या इथल्याच घाईने बिघडतात.

काय आणायचं

फायबरचे कुलर, टाक्या, मूर्ती बनवणारे बहुतेक पॉलिएस्टर रेझिन वापरतात. डोंगाही मुळात त्याचाच बनलेला असतो. स्वस्त असतं, वास नाकात झोंबतो, आणि त्यात हार्डनर अगदी थोडा, शेकडा एक-दोन भाग लागतो. नवं बनवायला ते चांगलं आहे. जुन्या, वाळलेल्या फायबरवर ठिगळ लावायला मात्र इपॉक्सी घ्या, कारण तिची पकड बरीच जास्त असते. दुकानात नुसतं ‘रेझिन द्या’ म्हणाल तर पॉलिएस्टरच हातात पडेल, तेव्हा इपॉक्सी असं स्पष्ट सांगा. गावाकडे हे सहसा मिळत नाही. नागपूरहून मागवावं लागतं किंवा ऑनलाइन घ्यावं लागतं. आपल्याकडे खूप चालणारी एक जोडी म्हणजे एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर. तिचं प्रमाण वजनाने १०० ला साधारण १०. दुसऱ्या कंपनीच्या जोडीचं प्रमाण १०० ला ५० सुद्धा असू शकतं. डब्यावर लिहिलं असेल तेच खरं.

कापड विणलेलं घ्या, गादीसारखं दिसणारं चॉप मॅट नको. मॅटमधले तुकडे एका पावडरीने किंवा चिकाने धरून ठेवलेले असतात. तो चीक पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नीट विरघळत नाही आणि मॅट ताठच राहते. चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं विणलेलं कापड डोंग्याला ठीक. हाताने लावलेला त्याचा एक थर पाऊण मिलिमीटरच्या आसपास होतो, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या बुडाला पाच थर. शेवटच्या गुळगुळीत थरासाठी २०० ग्रॅमचं थोडं कापड मिळालं तर उत्तम.

बाकी सामान: अॅसिटोन, नायट्राइलचे हातमोजे, धुळीचा चांगला मास्क (तोंडाला बांधलेला दुपट्टा चालणार नाही), चष्मा, एक इंची स्वस्त ब्रश, जुनं एटीएम कार्ड, जाड पॉलिथिन, श्रीखंडाचे रिकामे डबे, ग्राइंडर आणि ६० नंबरची फ्लॅप डिस्क. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे दगा देतो: ५० ग्रॅम रेझिनला ५ ग्रॅम हार्डनर लागतो, त्यात एक ग्रॅम इकडेतिकडे झाला की प्रमाण वीस टक्क्यांनी चुकलं.

दिवस आणि वेळ

पावसाळ्यात हे काम करू नका. हवेतल्या दमटपणामुळे इपॉक्सीवर चिकट, मेणचट थर येतो आणि सामान कधीच पुरतं कोरडं नसतं. विदर्भात याला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे फेब्रुवारी आणि मार्चची सुरुवात.

पण डोंगा एप्रिल-मेमध्ये फुटतो, तेव्हा उन्हाशी जमवून घ्यावं लागतं. हिशेब असा: तापमान दहा अंशांनी वाढलं की मिसळलेली इपॉक्सी घट्ट होईपर्यंत हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर २५ अंशाला ३० मिनिटं लिहिलं असेल तर ३५ ला पंधरा आणि ४५ ला सात-आठ. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, दुपारी तर ब्रश पहिल्या थरावरच अडकतो. उन्हाळ्यात काम संध्याकाळी करा, ऊन कलल्यावर, सावलीत. याला आणखी एक कारण आहे. सकाळी थर लावला की दिवस तापतो, थराखाली अडकलेली हवा फुगते आणि बुडबुडे वर येतात. संध्याकाळी हवा निवत जाते, तिथे हा त्रास नाही.

हिवाळ्यात याच्या उलट. गोंदियाकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, त्या थंडीत इपॉक्सी नुसती ओली पडून राहते आणि वर दव बसतं. तेव्हा सकाळी दहा-अकराला सुरू करा, म्हणजे दुपारपर्यंत ती धरते. संध्याकाळी डोंगा गोठ्यात किंवा पडवीत घ्या. थंडीत रेझिन थिजलेल्या तुपासारखं दाणेदार झालं असेल तर फेकू नका. झाकण घट्ट लावून डबा सोसवेल एवढ्या गरम पाण्यात ठेवा. पुन्हा स्वच्छ, पातळ झाल्यावरच वापरा.

घासणं

आखलेल्या हद्दीच्या आतलं सुटलेलं फायबर कापून काढा. भोक गोल किंवा लांबट गोल करा, कारण कोपऱ्यातून पुन्हा तडा जातो. मग बाहेरून, भोकाच्या काठापासून चहूकडे उतरता उतार घासायचा आहे: काठाशी जाडी शून्य आणि दूर जात जात पूर्ण. उताराची लांबी जाडीच्या बारापट ठेवा. बूड ४ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूला जवळपास ५ सेंटिमीटर. म्हणजे ५ सेंटिमीटरच्या भोकाला १५ सेंटिमीटरचं ठिगळ. पहिल्यांदा करणाऱ्याला हे फार वाटतं, चांगलं फायबर का घासायचं असा प्रश्न पडतो. पण ठिगळ धरून ठेवतो तो हाच उतार. जितकी जास्त जागा चिकटायला, तितका जोर वाटला जातो.

ग्राइंडर हलक्या हाताने चालवा, एका जागी दाबू नका. घासताना फायबरचे थर गोल गोल रेषांसारखे उघडे पडतात. त्या रेषा सारख्या अंतरावर दिसल्या की उतार सरळ आला.

ही धूळ काचेची आहे. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घाला, मनगटांवर टेप मारा, वाऱ्याकडे पाठ करा. जवळ बकऱ्या, पोरं, धान वाळत घातलेलं नको. काम झाल्यावर खाज सुटेल. आधी थंड पाण्याने नुसतं धुवून घ्या, मग साबण. गरम पाण्याने आणि चोळल्याने कुसं आणखी आत जातात.

धूळ झटकून, स्वच्छ पांढऱ्या कापडावर अॅसिटोन घेऊन पुसा. एका दिशेने पुसा आणि कापड बदलत राहा, नाहीतर तेलकटपणा इकडचा तिकडे होतो. अॅसिटोन पेट घेतं, तेव्हा बिडी लांब ठेवा. डोंग्याच्या टोकांना हवेच्या पेटीत थर्मोकोल भरलेलं असेल तर अॅसिटोन तिकडे जाऊ देऊ नका, ते विरघळतं. पॉलिएस्टर रेझिनही थर्मोकोल खातं. इपॉक्सी खात नाही. आपल्याकडे ती घ्यायचं हेही एक कारण.

मागचा आधार

भोकावर कापड अंथरलं तर ते आत झुकेल, म्हणून आतून टेका हवा. सनमायक्याचा किंवा प्लायचा तुकडा पॉलिथिनमध्ये गुंडाळा आणि आतून भोकावर दाबून बांबूच्या टेक्याने किंवा विटांनी अडवा. पॉलिथिनला इपॉक्सी चिकटत नाही, नंतर ते सहज सुटतं.

आत हात जात नसेल, म्हणजे भोक बंद पेटीवर असेल, तर थोडी युक्ती लागते. पॉलिथिनवर कापडाचे दोन थर इपॉक्सीने लावून एक पातळ चकती आधीच बनवा आणि वाळू द्या. ती भोकापेक्षा मोठी, पण लांबट गोल कापा, म्हणजे तिरपी करून आत जाईल. मध्ये दोन छिद्रं पाडून तार ओवा. चकतीच्या कडेला घट्ट इपॉक्सी लावून आत सोडा, तार बाहेर ओढून एका काडीला पिळा. दुसऱ्या दिवशी तार कापली की आधार कायमचा आत बसला.

मिसळणं

कापड आधी कापून ठेवा. सगळ्यात मोठा तुकडा उताराच्या बाहेरच्या कडेएवढा, सगळ्यात लहान भोकाएवढा, मधले क्रमाने. जमिनीवर मांडून पाहा. मग सगळे तुकडे एकत्र तोला, कारण हाताने लावताना कापडाच्या वजनाएवढीच इपॉक्सी लागते. वर्तमानपत्रावर, ब्रशवर, डब्याला वाया जाते ती धरून दीडपट घ्या. वरच्या मापाच्या ठिगळाला पाच थरांचं कापड २६-२७ ग्रॅम भरतं. म्हणजे सगळं मिळून ४५ ग्रॅमच्या आत काम होतं. हजार रुपयांचा डबा एका भोकात संपतो अशी भीती नको.

डबा काट्यावर ठेवा, शून्य करा, रेझिन ओता, आकडा लिहून घ्या, त्यावरून हार्डनर काढा. चमच्याने किंवा झाकणाने मोजू नका. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे वजनाचं प्रमाण मापाला लागू पडत नाही.

गावात एक प्रश्न हमखास येतो: ‘दादा, हार्डनर थोडा जास्त टाकला तर लवकर नाही का वाळणार?’ नाही. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर रेझिनला फक्त सुरू करून देतो, कमी-जास्त केला तर वेळ बदलतो. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनरचे कण एकमेकांशी जोडले जातात. हार्डनर जास्त झाला तर जोडीदार न मिळालेला तसाच आत राहतो आणि ठिगळ मऊ, चिकट राहतं. लवकर हवं असेल तर ऊब द्या किंवा जलद हार्डनर विकत आणा.

चपट्या काडीने दोन-तीन मिनिटं ढवळा, कडा आणि बूड खरवडून. मग सगळं दुसऱ्या कोरड्या डब्यात ओता आणि पुन्हा ढवळा. पहिल्या डब्याच्या कडेला चिकटलेलं अर्धवट मिसळलेलं असतं, ते तिथेच राहू द्या. मेण लावलेले कागदी कप वापरू नका.

मिसळलेली इपॉक्सी डब्यात साठून राहिली की स्वतःच्याच उष्णतेने तापते, कधी धूर काढते. म्हणून लगेच पसरट ताटलीत ओता, तिथे ती जास्त वेळ टिकते. उरलेला डबा तापायला लागला तर मोकळ्या मातीवर ठेवून द्या. तणसाच्या ढिगाजवळ किंवा कचऱ्यात फेकू नका.

हातमोजे शेवटपर्यंत काढायचे नाहीत. इपॉक्सी अंगाला लागली की आज काही होत नाही, पण पुन्हा पुन्हा लागली तर एक दिवस अंगावर पुरळ उठतं आणि मग आयुष्यभर तिचा वासही सोसत नाही. लागलीच तर साबण-पाण्याने धुवा. थिनरने किंवा अॅसिटोनने हात धुणं सगळ्यात वाईट, ते तिला कातडीत आत नेतात.

थर लावणं

उतारावर नुसत्या इपॉक्सीचा पातळ हात मारा. मोठा तुकडा आधी लावा, मग क्रमाने लहान. काही जण उलट क्रम सांगतात, आणि तोही चालतो. मी मोठा आधी लावतो, कारण नंतर वरून घासताना कापले जातात ते लहान तुकडे, आणि शाबूत फायबरला घट्ट धरणारा मोठा तुकडा खाली अख्खा राहतो.

ब्रशने रंगासारखं ओढू नका, टोकाने टोचत जा. पांढरं कापड पारदर्शक झालं की भिजलं. पांढरे ठिपके म्हणजे हवा किंवा कोरडी जागा. प्रत्येक थरानंतर एटीएम कार्डाने मधून बाहेर हलकं ओढा, जास्तीची इपॉक्सी आणि हवा निघून जाते. जास्त इपॉक्सी म्हणजे जास्त ताकद असं नाही, धाग्याविना ती ठिसूळ असते. पाचही थर एकामागून एक, ओल्यावर ओला लावा. शेवटी पॉलिथिन अंथरून हाताने आतून बाहेर दाबत न्या. वाळल्यावर गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो आणि घासायचे कष्ट निम्मे होतात.

परदेशात शर्यतीच्या शिडाच्या होड्यांना पाण्याखाली पंख असतात, ज्यांच्यावर अख्खी होडी पाण्याबाहेर उचलली जाते. त्या पंखांचीही दुरुस्ती अशीच होते, तसाच उतार, तसेच थर. फक्त तिथे पंखाचा मूळ आकार साच्याने तपासत घासतात, कारण किंचित उंचवटा राहिला तरी वेग जातो. आपल्या डोंग्याला ती कटकट नाही. थोडा फुगवटा राहिला तर मासे तक्रार करत नाहीत.

वाळल्यावर

दुसऱ्या दिवशी नख रोवून पाहा. खूण उठत नसेल तर पुढे जा. घासण्याआधी ठिगळ साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या चोथ्याने धुवा. वर जो मेणचट थर येतो तो पाण्यात विरघळतो. न धुता घासलात तर तो पॉलिश पेपरमध्ये भरतो आणि वरचा रंग पुढे सुटतो.

खळगे भरायला इपॉक्सीत टाल्कम किंवा चाळलेला बारीक लाकडाचा भुसा मिसळून घट्ट लांबी करा, पत्तीने भरा, वाळल्यावर ८० मग १२० नंबरने घासा. आरा मशीनवरचा सागाचा भुसा तेलकट असतो, दुसऱ्या लाकडाचा मिळाला तर तो घ्या. लांबी फक्त आकारासाठी आहे, भोक तिने भरायचं नाही.

रंग लावलाच पाहिजे. उन्हाने इपॉक्सी पिवळी पडते, मग खडूसारखी भुकटी सुटते. पीयू (पॉलियुरेथेन) रंग सगळ्यात टिकाऊ, साधा ऑइल पेंटही नसण्यापेक्षा बरा. आणि रंग पांढरा किंवा फिका घ्या. घरी वाळवलेली इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांपुढे मऊ पडायला लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेला काळा किंवा गडद हिरवा डोंगा त्याच्याही वर तापतो.

पाण्यात टाकायची घाई नको. २५-३० अंशाला इपॉक्सी पूर्ण पक्की व्हायला सात दिवस लागतात, थंडीत जास्त. तपासणीला आधी डोंगा सपाट जागी ठेवून आत चार बोटं पाणी ओता आणि रात्रभर राहू द्या. खाली ओल दिसली नाही तर मग काठाजवळ, एकट्याने, बांबू रोवून बघा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर ठिगळाच्या कडेवरून पुन्हा नाणं वाजवा. कडेला बद्द आवाज आला तर तेवढा भाग घासून परत करावा लागेल.

इपॉक्सी हाताशी आहे तर बुडाच्या मधल्या रेषेवर, जिथे मुरमाचा घासारा लागतो, तिथेही कापडाची चार बोटं रुंद पट्टी दोन थरांत लावून घ्या. पाळीवरून नेताना खाली जुन्या टायरचे तुकडे किंवा गोल बांबू टाका. उरलेल्या डब्यांची झाकणं लगेच घट्ट लावा, कारण हार्डनर हवेतला ओलावा ओढतो. दोन्ही डबे पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा सावलीच्या, कोरड्या जागी ठेवा आणि वर प्रमाण मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा, पुढच्या वर्षी लेबल पुसलेलं असतं.